साडेअठरा टक्के: बॉबी ऑर आणि १९७६ चा उन्हाळा

१९७६ च्या जूनमध्ये आइस हॉकीपटू बॉबी ऑरने बॉस्टन ब्रुइन्स हा संघ सोडला आणि शिकागो ब्लॅक हॉक्सच्या करारावर सही केली. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याने राहावं म्हणून बॉस्टनने जो प्रस्ताव दिला होता, त्यात संघाच्या मालकीचा सुमारे साडेअठरा टक्के हिस्सा होता. ऑर सांगतो की ही गोष्ट तेव्हा त्याच्या कानावर आलीच नाही. प्रस्ताव ज्याच्या हाती पडला तो ॲलन ईगलसन, म्हणजे त्याचा वकील, त्याचा एजंट, आणि ज्याला तो भाऊ मानत होता तो माणूस.

ही फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण मी जितकं या प्रकरणात शिरलो तितकं मला दुसरंच काही जास्त खटकत गेलं. खेळाडू, मालक आणि खेळाडूंची संघटना, या तिघांमधले सगळे निरोप एकाच माणसाच्या तोंडून जात होते, आणि वर्षानुवर्षं कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. ऑरचा दुखापतींनी झिजलेला गुडघा कुणी वाचवू शकलं नसतं. गुडघा गेल्यावरही जे हाती राहायला हवं होतं, ते मात्र वाचू शकलं असतं.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि मैदान आठवतं. इथे बोलतोय ती बर्फावरची हॉकी, कॅनडाचा जीव की प्राण असलेली. बर्फाच्या रिंकवर प्रत्येक बाजूचे सहा जण: गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन आक्रमक. चेंडूच्या जागी रबराची कडक चकती, तिला पक म्हणतात. गोल किंवा गोलसाठी दिलेला पास, प्रत्येकाचा एक पॉइंट. ऑर बचावपटू होता. त्याच्या आधी बचावपटूचं काम ठरलेलं होतं: मागे थांबायचं, समोरच्याला अडवायचं, पक पुढे ढकलायचा. ऑर स्वतःच्या गोलपाशी पक घ्यायचा आणि सगळ्या संघाला ओलांडत समोरच्या गोलपर्यंत घेऊन जायचा. पक गेलाच तर सगळ्यांच्या आधी मागेही तोच पोचलेला असायचा. १९६९-७० च्या हंगामात त्याने १२० पॉइंट मिळवले आणि सगळ्या आक्रमकांना मागे टाकून नॅशनल हॉकी लीगमध्ये पहिला आला. बचावपटूने असं करणं हा लीगच्या इतिहासातला पहिला प्रसंग. १९७५ मध्ये त्याने ते पुन्हा केलं, आणि त्याच्यानंतर आजवर एकाही बचावपटूला ते जमलेलं नाही. १९७०-७१ मध्ये त्याचे पॉइंट होते १३९. बचावपटूंमधला तो विक्रम अजून उभा आहे. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने सलग आठ वर्षं जिंकला, १९६८ ते १९७५.

१० मे १९७० चा तो गोल अनेकांनी छायाचित्रात पाहिला असेल. स्टॅन्ली कपची, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाची अंतिम लढत, सामना जादा वेळेत, जेमतेम ४० सेकंद झालेली. पक जाळ्यात गेलेला आणि ऑर हात पसरून हवेत आडवा, जणू पोहतोय. सेंट लुइसच्या नोएल पिकार्डच्या स्टिकने त्याचा पाय अडकला होता. बॉस्टनला २९ वर्षांनी कप मिळाला. त्या शहराने या पोराला डोक्यावर घेतलं होतं ते उगाच नाही.

पॅरी साउंड

ऑर जन्मला २० मार्च १९४८ रोजी, ऑन्टारियोतल्या पॅरी साउंडमध्ये. टोरांटोच्या उत्तरेला जॉर्जियन उपसागराच्या काठी वसलेलं छोटं गाव. वडील डग दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, घरात पाच भावंडं. गोठलेल्या नदीवर तो स्केटिंग शिकला. १९६१ मध्ये बॉस्टनची माणसं गॅनानॉकी गावी दुसऱ्याच दोन पोरांना बघायला आली होती, आणि त्यांची नजर ऑरवर खिळली. तेव्हा तो १३ वर्षांचा होता आणि अंगाने लहानखुरा.

पुढच्या वर्षी, १९६२ मध्ये, बॉस्टनशी कागद झाले. मोबदला म्हणजे १०,००० डॉलर, वडिलांसाठी एक जुनी गाडी, आणि घराच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा. एका कामगाराच्या घराला ही रक्कम फार मोठी होती, आणि आईवडिलांनी सही केली त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या कागदाचा अर्थ काय होता, तो पाहायला हवा. त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत. त्याच्या जोरावर मुलाच्या व्यावसायिक खेळाचे हक्क त्या एका संघाकडे जात. तो खेळणार तर याच संघासाठी. पटलं नाही तर घरी बसायचं, दुसरीकडे जायचं नाही. आपल्याकडे सालगड्याचा करार निदान पाडव्याला संपतो. यात पाडवा नव्हताच.

लीगमध्ये तेव्हा सहाच संघ होते. खेळाडूने स्वतःसाठी वकील आणणं मालकांना उद्धटपणा वाटे. पगार किती हे एक खेळाडू दुसऱ्याला सांगत नसे, आणि मालकांना तेच हवं होतं. मुलगा ऑशावाच्या ज्युनिअर संघात चमकत होता, बॉस्टन त्याला बोलावणार हे दिसत होतं, आणि डग ऑर यांना कळत होतं की समोरच्या मंडळींशी बोलणं आपल्याला झेपणार नाही. त्यांची ओळख ईगलसनशी झाली. टोरांटोचा तरुण वकील, ऑन्टारियोच्या विधानसभेचा सदस्य, बोलायला फर्डा. त्यांनी मुलाचं काम त्याच्याकडे सोपवलं.

ईगलसनने ते काम चोख केलं, हे मान्य करायलाच हवं. बॉस्टनचे सरव्यवस्थापक हॅप एम्स एजंट लोकांना दारात उभं करत नसत. त्यांनी सुरुवातीला देऊ केलेला पगार वर्षाला १०,००० डॉलरच्या आत होता. १९६६ मध्ये एम्स यांच्याच बोटीवर अखेर सही झाली, ती नवख्या खेळाडूसाठी तोवर कधी ऐकली नव्हती अशा रकमेवर. १८ वर्षांच्या मुलाला एका वकिलाने मालकांकडून एवढं मिळवून दिलं, ही बातमी लीगभर पसरली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, खेळाडूंची संघटना उभी राहिली आणि ईगलसन तिचा कार्यकारी संचालक झाला. १९७१ मध्ये त्याने ऑरला वर्षाला दोन लाख डॉलर असा पाच वर्षांचा करार मिळवून दिला. दहा लाखांचा तो लीगमधला पहिलाच करार मानला जातो. ऑरचा विश्वास आंधळा होता असं म्हणणं सोपं आहे. पण तो दहा वर्षांच्या अनुभवावर उभा होता.

गुडघा

डाव्या गुडघ्याचं दुखणं कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासूनच मागे लागलं. ऑर खेळायचाच असा की कुणी अंगावर आला तरी पक सोडायचा नाही, आणि वेगात असतानाच धडक बसायची. आज गुडघ्यातली गादी फाटली तर दुर्बिणीतून बारीक शस्त्रक्रिया करतात आणि शक्य तितकी गादी राखतात. १९६० आणि ७० च्या दशकात गुडघा मोठा छेद घेऊन उघडत आणि फाटलेली गादी काढूनच टाकत. खेळाडू काही महिन्यांत परत बर्फावर दिसे. पण गादी गेली की हाड हाडावर घासतं, आणि ती झीज भरून निघत नाही. ऑरच्या डाव्या गुडघ्यावर आयुष्यात डझनाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्धची कॅनडाची ती गाजलेली मालिकाही तो गुडघ्यापायीच खेळू शकला नाही.

१९७४-७५ मध्ये त्याने ४६ गोल केले. त्यानंतरच्या सप्टेंबरात पुन्हा शस्त्रक्रिया. मग त्या हंगामात तो खेळला फक्त १० सामने, तरी त्यात १८ पॉइंट. २६ नोव्हेंबर १९७५ चा सामना बॉस्टनच्या गणवेशातला त्याचा शेवटचा ठरला. कुणालाच ते तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणजे १९७६ च्या उन्हाळ्यात चित्र असं होतं: जगातला सर्वोत्तम खेळाडू, करार संपत आलेला, आणि गुडघा किती टिकेल याची खात्री डॉक्टरही देऊ शकत नव्हते. अशा वेळी खेळाडूने मागायचं काय? माझ्या मते उत्तर सरळ आहे. पगार तोवरच, जोवर पाय चालतात. पाय थांबल्यावरही जे वाढत राहील ते मागायला हवं. आणि नेमकं तेच बॉस्टनने देऊ केलं होतं.

टेबलावर काय होतं

ब्रुइन्सचे मालक बदलून वर्षच झालं होतं. जेरेमी जेकब्स यांनी १९७५ मध्ये संघ घेतला होता, सुमारे एक कोटी डॉलरला. त्यांच्या बाजूने आलेला प्रस्ताव असा: पाच वर्षं, वर्षाला २,९५,००० डॉलर, आणि जून १९८० मध्ये एकतर ९,२५,००० डॉलर रोख, नाहीतर संघाचा साधारण साडेअठरा टक्के हिस्सा.

शिकागोचा प्रस्ताव: पाच वर्षांचे ३० लाख डॉलर.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. बॉस्टनचा पाच वर्षांचा पगार होतो १४ लाख ७५ हजार. त्यात रोख रक्कम मिळवली तर २४ लाख. शिकागो सहा लाखांनी पुढे. एवढंच कुणी सांगितलं तर कोणीही शिकागोच निवडेल. पण हिस्सा घेतला तर? जेकब्स यांनी मोजलेली किंमत धरली तरी एक कोटीचे साडेअठरा टक्के म्हणजे साडेअठरा लाख. पगार धरून ३३ लाखांच्या पुढे. दुसरीकडून पाहा: ९,२५,००० ही बरोबर ५० लाखांच्या साडेअठरा टक्के रक्कम आहे. म्हणजे रोख घेणाऱ्याला हिस्सा संघाच्या खरेदीच्या निम्म्या भावाने मोजून दिला जात होता. ही दोन आकड्यांवरून मी बांधलेली अटकळ आहे, कुणी तसं लिहून ठेवलेलं नाही. तरी ज्याला आकडे वाचता येतात अशा कोणत्याही सल्लागाराला हे दहा मिनिटांत दिसलं असतं. आणि ही सगळी त्या वर्षीची किंमत. पुढे ब्रुइन्सचं मोल एक अब्ज डॉलरच्या कितीतरी पलीकडे गेलं.

ईगलसन ऑरला म्हणाला की शिकागोचा सौदा चांगला आहे. बॉस्टनला तू नको आहेस, असं ऑरच्या मनावर ठसलं. बॉस्टनच्या बाजूने थेट बोलण्याचे प्रयत्न झाले, पण ऑरचं म्हणणं एकच: माझं सगळं ॲल बघतो. ज्या निष्ठेने तो बर्फावर मार खात खेळला, तीच निष्ठा त्याने इथे दाखवली. मला या प्रकरणातला सर्वांत क्लेशाचा क्षण हाच वाटतो. दार उघडंच होतं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने, चांगल्या भावनेने लावून घेतलं.

ईगलसनचं म्हणणंही नोंदवायला हवं. हिश्शाची गोष्ट ऑरला माहीत होती, असा दावा त्याने पुढे केला. समजा, उडत उडत काही कानावर आलंही असेल. पण वकिलाचं कर्तव्य एवढ्यावर भागत नाही. दोन्ही प्रस्ताव शेजारी-शेजारी ठेवून, हे घे नि हे बघ, असं अशिलाला दाखवणं हे त्याचं काम. ते झालं असतं तर या वादाला जागाच उरली नसती.

एकाच माणसाच्या किती खुर्च्या

शिकागो संघाचे अध्यक्ष आणि मालक कुटुंबातले बिल वर्ट्झ हे ईगलसनचे जवळचे मित्र. ही गोष्ट लपलेली नव्हती. ईगलसन त्या वेळी काय काय होता ते एकदा पाहावं. ऑरचा एजंट. इतर कितीतरी खेळाडूंचाही एजंट. सगळ्या खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख, म्हणजे मालकांशी सामूहिक बोलणी करणारा. आणि वर आंतरराष्ट्रीय सामने भरवणारा, ज्यासाठी त्याला याच मालकांकडून खेळाडू सोडवून घ्यावे लागत. सकाळी ज्या मालकाशी संघटनेच्या वतीने भांडायचं, त्याच्याशीच दुपारी एका खेळाडूचा सौदा करायचा, आणि संध्याकाळी स्पर्धेसाठी त्याचीच मर्जी राखायची. अशा माणसाने कोणाचं तरी नुकसान न करता राहणं जवळपास अशक्यच. तो दुष्ट होता की नव्हता हा प्रश्न नंतरचा. ही व्यवस्थाच मुळात वाईट होती.

सप्टेंबर १९७६ मध्ये पहिली कॅनडा कप स्पर्धा झाली. ती भरवली ईगलसनने. शिकागोशी करार झालेला, पण तिथला पहिला सामना अजून व्हायचा होता, आणि ऑर मोडक्या गुडघ्यानिशी कॅनडाकडून उतरला. १९७२ मध्ये देशासाठी खेळता आलं नव्हतं, ती सल त्याला होतीच. सकाळी नीट चालताही येत नसे, आणि रात्री बर्फावर सर्वांत भारी तोच, असं सोबतचे खेळाडू सांगत. सात सामन्यांत नऊ पॉइंट, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. हा निर्णय ऑरचा होता आणि त्याला त्याचा पश्चात्ताप नाही. पण एका प्रश्नावाचून राहवत नाही: गुडघा जप, हे सांगणारं त्याच्या बाजूला कोण होतं? सांगायला हवं होतं त्या माणसाचीच तर स्पर्धा होती.

शिकागोत तो पहिल्या वर्षी २० सामने खेळला. १९७७-७८ चा पूर्ण हंगाम बाहेर. पुढच्या वर्षी सहा सामने, आणि ८ नोव्हेंबर १९७८ रोजी निवृत्ती. वय ३०. एकूण ६५७ सामने, २७० गोल, ९१५ पॉइंट. खेळण्यासाठी पगार आहे, खेळत नसेन तर घेणार नाही, म्हणून शिकागोचे चेक त्याने वटवले नाहीत. ९ जानेवारी १९७९ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये त्याचा ४ क्रमांक निवृत्त करण्यात आला. टाळ्या थांबता थांबेनात. त्याच वर्षी तीन वर्षांची नेहमीची अट बाजूला ठेवून हॉकी हॉल ऑफ फेमने, म्हणजे हॉकीतल्या थोरांच्या मानाच्या दालनाने, त्याला घेतलं.

आणि याच सुमारास त्याने पहिल्यांदा दुसऱ्या हिशेबनिसाकडून आपले कागद तपासून घेतले. मालमत्ता ४,५६,६०४ डॉलर. कर आणि देणी ४,६९,५०७ डॉलर. लीगमध्ये दहा लाखांचा पहिला करार ज्याच्या नावावर, तो निवृत्तीनंतर देणेकरी निघाला. १९८० मध्ये त्याने ईगलसनशी संबंध तोडले. हिश्शाची गोष्ट त्याला नीट कळली तीही नंतरच. मग जाहिराती, कंपन्यांसाठी कामं, कार्यक्रम असं करत त्याने संसार पुन्हा उभा केला. त्याबद्दल त्याने फारसा गाजावाजा केला नाही.

उशिरा आलेला हिशेब

ऑर बाहेर पडला तरी ईगलसन संघटनेवर १९९१ पर्यंत होता. १९८९ मध्ये त्यालाही हॉल ऑफ फेममध्ये घेतलं गेलं. एवढी वर्षं कुणी का विचारलं नाही? काहींनी विचारलं होतं. कार्ल ब्रुअर आणि इतर जुने खेळाडू निवृत्तिवेतनाच्या निधीचा हिशेब मागत होते. ऑन्टारियोच्या न्यायालयाने १९९२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि निधीतली जी शिल्लक लीगने स्वतःच्या सोयीने वापरली होती ती खेळाडूंचीच ठरली. रक्कम सुमारे चार कोटी कॅनेडियन डॉलर. वादींमध्ये गॉर्डी हाउ आणि बॉबी हलसारखी नावं होती.

दुसरं काम केलं एका गावच्या वर्तमानपत्राने. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहरातला ‘ईगल-ट्रिब्यून’. तिथले रस कॉनवे वर्षानुवर्षं ब्रुइन्सचं वार्तांकन करत होते. त्यांनी जुन्या, जायबंदी खेळाडूंच्या घरी जाऊन कागद गोळा केले: विम्याच्या दाव्यांतून कोणी किती कापून घेतले, स्पर्धांचा पैसा कुठे गेला. १९९१ पासून त्यांच्या बातम्या छापून येऊ लागल्या. मोठमोठ्या शहरांतल्या क्रीडापानांना जे दिसलं नाही, किंवा दिसूनही ज्याला हात घालावासा वाटला नाही, ते या माणसाने चिकाटीने उकरून काढलं. मला या प्रकरणात कोणापुढे वाकावंसं वाटत असेल तर ते कॉनवे यांच्यापुढे.

१९९४ मध्ये बॉस्टनमध्ये आरोपपत्र दाखल झालं. ६ जानेवारी १९९८ रोजी ईगलसनने तिथे गुन्हा कबूल केला, आणि दुसऱ्या दिवशी टोरांटोत. दहा लाख कॅनेडियन डॉलरचा दंड आणि १८ महिन्यांची शिक्षा, त्यातले सहा महिने प्रत्यक्ष तुरुंगात. वकिलीची सनद गेली, कॅनडा सरकारने दिलेला सन्मान काढून घेतला गेला. तरीही हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव होतंच. तेव्हा ऑर आणि इतर जुन्या दिग्गजांनी कळवलं की तो राहणार असेल तर आमची नावं काढा. त्या मार्चमध्ये ईगलसनने स्वतःच राजीनामा दिला.

साडेअठरा टक्क्यांचा उल्लेख त्या कबुलीत कुठेच नाही. तो सिद्ध झालेल्या गुन्ह्यांचा भाग नव्हता. ज्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली ते स्पर्धांच्या आणि जाहिरातींच्या पैशांचे वगैरे होते. कोर्टाला जे मोजता आलं ते मोजलं गेलं. एका माणसाने दुसऱ्याला काय सांगितलं नाही, याचा पुरावा कुठून आणणार?

खेळाडूंचे पगार १९९० च्या आसपास उघड होऊ लागले. कोणाला किती मिळतं हे सगळ्यांना कळल्याबरोबर काही वर्षांतच पगार कुठच्या कुठे गेले. संघटनेचा प्रमुख आणि खेळाडूचा एजंट ही दोन कामं वेगळी झाली. १९९६ मध्ये ऑर स्वतः या व्यवसायात उतरला आणि पुढे कॉनर मॅकडेव्हिडसारख्या खेळाडूंचं काम त्याच्या कंपनीने पाहिलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे आईवडील त्याच्यासमोर कागद घेऊन बसू लागले, आणि त्या कागदांत काय असतं हे त्याच्याइतकं किंमत मोजून शिकलेला माणूस त्या धंद्यात दुसरा नव्हता.